अक्कम्माकडं बघून बोला

बीदरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी भीमराजअण्णांचं गॅरेज आणि त्याला लागून अक्कम्माची खानावळ. अण्णा गुलबर्ग्याच्या टीव्हीवर कन्नडमधून गाड्यांची निगा कशी राखायची ते सांगतात. हुमनाबादपर्यंतचे जीपवाले बॉनेट उघडायच्या आधी त्यांच्यासारखं खाकरतात. माझं खाकरणं त्या सगळ्यांपेक्षा बरं जमतं, पण ते असू दे.

अण्णा मूळचे भालकीकडच्या मेहकरचे. घरी मराठी. मिसरूड फुटायच्या आत बीदरला गॅरेजात लागले, तिथले उस्ताद दखनी उर्दूशिवाय बोलत नसत. घर नव्यानं बौद्ध झालेलं. पहिल्या दिवशी एका खानावळीत त्यांना ताट दाराबाहेर मिळालं. दुसऱ्या दिवशी अक्कम्माकडं गेले. तिनं काही न विचारता ओळीत बसवलं आणि वर कन्नडात म्हणाली, "एवढ्याशा भाकरीवर चाकं उचलणारेस व्हय?" तेव्हापासून पोटाचा कारभार कन्नडात.

यातून अण्णांच्या जिभेला एक सवय लागली. समोरचं तोंड बघितलं की भाषा आपोआप बदलते. ड्रायव्हर आला की, "गाडी गरम होरी बोलते, पानी कब डाले थे मियाँ?" बायको, शोभाबाई, दारात आल्या की, "काय करायलीस गं?" अक्कम्मा डोकावली की कन्नड. आमच्याकडं सगळ्यांचंच असं आहे, कुणाच्या लक्षातही येत नाही.

पंच्याऐंशी साली टीव्हीवर कार्यक्रम बसवणारे जगदेवप्पा बीदरला आले आणि त्यांची जीप आमच्या गल्लीपाशी धूर सोडत थांबली. रेडिएटर कोरडा ठाक. अण्णांनी जीप नीट केली, पण जगदेवप्पांच्या ड्रायव्हरला असं झापलं की जगदेवप्पा हसत म्हणाले, "हेच टीव्हीवर सांगा की." अण्णांनाही तेच पाहिजे होतं. एकेकाला सांगून घसा बसला होता. एकदाच सगळ्यांना सांगून टाकावं. मेहकरला त्यांच्या आईनं, कोंडाबाईंनी, त्याच आठवड्यात घरोघरी सांगितलं, "आमचा भीमा टीव्हीत येणार हाय."

आणि भीमा गुलबर्ग्याला कॅमेऱ्यासमोर उभा राहिला तो मुका.

"ही गाडी..." म्हणाले, मराठीत. मग, "जरा पाना देना." मग घाम पुसला.

"अण्णा, कन्नड येत नाही का तुम्हाला?" जगदेवप्पांनी विचारलं.

"तुमच्याशी कन्नडच बोलायलोय की," अण्णा अस्सल कन्नडात म्हणाले.

"मग तिकडं बघून बोला."

"तिकडं कोण हाय? काच नुसती बघायलीय, काय म्हणंना बी."

जगदेवप्पा भला माणूस, पण त्यांनाही कार्यक्रमाची वेळ भरायची होती. "गुरुवारी एकदा बघू. नाही जमलं तर शेळीपालनवाले वाट बघतायत."

घरी येऊन अण्णा परसात उभे राहून शोभाबाईंसमोर तयारी करायला लागले. दोन वाक्यं कन्नड, तिसरं मराठी.

"मला बघितलं की तुमाला भाजीच आठवतीय," शोभाबाई म्हणाल्या. "कामून जीव काढायलाव? अक्कम्माला न्या संगं. तिच्याकडं बघून बोला."

दोघं खानावळीत गेले, तर अक्कम्मा कढईपुढून हलेना. "मला मोटारीतलं काय कळतं रे तम्मा?"

"कळत न्हाई म्हणूनच चल," अण्णा म्हणाले.

"आणि जेवणाऱ्यांचं?"

"भाकरी मी थापते," शोभाबाईंनी परात ओढूनच घेतली.

गुरुवारी अक्कम्मा नवं इरकल नेसून कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर बसली. अण्णांनी तिच्याकडं बघितलं, खाकरले, आणि सुटले. पण तीही गप्प बसणारी नव्हे.

"थांब. पाणी संपलं तर नुसतं इंजिन तापतं, म्हणजे चुलीवर रिकामं पातेलं ठेवल्यावानी?"

"तसंच. पातेलं तरी स्वस्त."

"मग तापलं की झाकण काढून पाणी ओतायचं?"

"काढलंस तर वाफ तोंडावर येईल अक्का. आधी गार होऊ दे, मग जाड फडकं धरून हळू."

"हे तुझं फडकं व्हय? माझ्या चुलीपाशी आणू नको."

कॅमेरावाला हसला. जगदेवप्पांनी पुन्हा घ्यायचं नाही असं खुणावलं आणि स्टूल उचलून अक्कम्माला जीपच्या शेजारी बसवलं.

कार्यक्रम लागला तेव्हा मेहकरला समाजमंदिरातल्या टीव्हीपुढं सगळं गाव होतं. कोंडाबाईंना कन्नड अर्धंमुर्धं कळतं. लेक मध्येच अडेल म्हणून त्या पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. तो अडला नाही. संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "त्या बाईला च्या पाजला का न्हाई ह्येनं, इचारा."

तेव्हापासून दोघं जोडीनं जातात. आता लांबलांबून लोक अण्णांना भेटायला गाड्या घेऊन येतात, "अण्णा, काय बोलता तुमी," म्हणतात. अण्णा ऐकून घेतात आणि शेजारच्या दाराकडं बोट करतात.

"आधी तिकडं जेवून या. गाडी मग बघू."

कुणी म्हणालं, घरून जेवून आलोय, तर अण्णा म्हणतात, "मग निदान बसून तरी या." आणि माणूस ओळीत बसल्याशिवाय बॉनेटला हात लावत नाहीत.