खोकला राह्यला

पुंजाराम सरांचा खोकला आधी यायचा, मग सर. जिन्यात दोनदा ‘खॅक खॅक’ झालं की आम्ही ऑफिसातले सगळे सरळ बसायचो. सर्दी नव्हती, आजार नव्हता. बोलायच्या आधी ते घसा असा साफ करायचे, जसं भाषण ठोकणार आहेत. आणि मग म्हणायचे काय, तर, “चहा सांगितला का न्हाई?”

जालन्यात मोंढ्याजवळ आमचं ऑफिस होतं. घरांचे, गोदामांचे नकाशे काढायचो. सर हसनाबादचे. आयुष्यभर ड्रॉइंग बोर्डावर हातानं नकाशे काढलेले. कॉम्प्युटर आला तेव्हा केस पांढरे झाल्ते. मी नवीन कोर्स करून आलेला, तोंडाळ. शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून सुट्टी जाहीर करणारा. इथं आल्यावर आठवड्याभरात सरांचा आवाज बसवला. एकदा ते बाहेर गेलेत असं समजून मी सगळ्यांसमोर सुरू केलं, “चहा सांगितला का न्हाई? रेघ मारून राह्यला का रांगोळी काढून राह्यला?” पोरं हसायची थांबली तेव्हा कळलं, सर मागंच उभे आहेत. मला वाटलं, गेली नोकरी. सरांनी नकाशा तपासतात तसं मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणले, “बराबर हाय. पण खोकला राह्यला.”

तेव्हापासून मी आवाज काढायचो आणि ते तपासायचे. “जल्दी झाली.” “न्हाई, मी एवढं नाकात बोलत न्हाई.” शेवटी एकच शेरा ठरलेला, खोकला राह्यला. सगळा माणूस जमायचा, तेवढा खोकला काही जमायचा नाही.

सरांना स्क्रीनवर विश्वास नव्हता. कागदावर आलं तेच खरं. प्लॉटरमधून मोठा कागद बाहेर आला की दोन कोपरे धरून त्याच्यावर फुंकर मारायचे. हाताच्या शाईची सवय. “सर, वाळलेलाच असतो तो,” मी म्हणायचो. “असू दे. फुंकल्याशिवाय माझा वाटत न्हाई.”

आता ज्या दिवसासाठी हे सगळं लिहितोय, तो दिवस चतुर्थीचा. सरांचे थोरले भाऊ, साळूआबा, गावातच राहायचे. दोघांची शेतं लागून. मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून आणि त्याच्या कडेच्या पट्टीवरून, वाद झाला, बोलणं तुटलं, ते कित्येक वर्षं तसंच. सर गावी गेले तरी आबांच्या दारावरून मान खाली घालून जायचे. मग आबांनी काय केलं, तर वादातली तीच पट्टी गावाला सभागृहासाठी देऊन टाकली. आणि सर कोणी न सांगता म्हणले, नकाशा मी काढतो. गावकरी म्हणले, जागा देणाऱ्याचा फोटो कोपऱ्यात टाका. आबांना निरोप गेला. आबा म्हणले, राजूरला गणपतीला येतोच हाय, तसाच पुढं जालन्याला येऊन नकाशा बघतो.

सकाळी मी फोटो स्कॅन करून टाकला आणि प्रिंट दिली. सरांनी कागद धरला, फुंकर मारायला तोंड पुढं केलं आणि तसेच थांबले.

“ह्या फोटोला धुरा कुणी घातला?”

फोटोभोवती काळी चौकट. बारीक, पण चारी बाजूंनी बराबर. मी काढलेली नव्हती. आपोआप आल्ती.

“सर, एक रेघच तर आहे.”

सरांनी मला खुर्चीवर बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं. दोन महिन्यांमागं आबा दवाखान्यात होते. गावात कोणीतरी उठवलं, आबा गेले. “काळ्या चौकटीतला फोटो पेपरात कुणाचा येतो? आं? आबा म्हणंन, पुंज्या माझ्या मरायची वाट बघून राह्यला. आज जर तो असा जिना उतरला ना, तर पुन्हा चढायचा न्हाई.”

मग माझी मस्ती बंद झाली. चौकट निवडून डिलीट मारलं, तर चौकटीबरोबर आबाही गायब. परत आणलं. फोटो कडेनं कापून लहान केला, तर चौकटही लहान होऊन बरोबर आली. म्हणलं, रंगच बदलतो. पांढरा दिला. प्रिंट काढली, काळीच.

“पांढरं दिलं अन् काळं छापलं?” सर म्हणले. “हे मशीन हाय का वकील?”

त्यांनी खिशातून अर्धं ब्लेड काढलं. ट्रेसिंगवरची शाई खरवडायची त्यांची जुनी पद्धत. पण हा साधा कागद. दुसऱ्याच हाताला आबांच्या कानापाशी भोक पडलं. सर त्या भोकाकडं बघत बसले. “आता बाळी घालावी लागंन,” म्हणले, पण हसले नाहीत. सारखं खिडकीपाशी जायचे. राजूरची जीप खाली कोपऱ्यावर थांबायची.

मी औरंगाबादच्या एका दोस्ताला फोन लावला, माझ्याबरोबर कोर्सला होता. तो आधी पोटभर हसला, मग म्हणला, “इमेजफ्रेम टाईप कर, एंटर मार, शून्य दे.” दिलं. चौकट गेली. आबा मोकळे झाले.

“जरा उजवीकडं सरकव,” सर म्हणले. मी क्लिक केलं, फोटो हलेना. दोस्ताला विचारलं. तो म्हणला, चौकटीलाच धरून फोटो उचलावा लागतो. परत एक दे, सरकव, मग शून्य कर.

“म्हंजी धुरा काढला की माणूस हाताला लागत न्हाई,” सर म्हणले. मी सरकवलं, शून्य केलं, प्रिंट दिली. ह्यावेळी त्यांनी फुंकर जरा जास्तच वेळ मारली.

आबा आले. धोतर, टोपी, रुमालात बांधलेला प्रसाद.  टेबलाजवळ वाकून नकाशा बघितला, कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“हा मी हाय?”

“हाव,” सर म्हणले.

“टोपी वाकडी हाय.”

सर खोकले. “तुमची पहिल्यापून वाकडीच हाय.”

 आबा सरांकडं वळले. “पुंज्या, तुझा तो खोकला आजून गेला न्हाई का रं?” आणि खुर्ची ओढून बसले. रुमाल सोडला. दोघं भाऊ नकाशावरच प्रसाद ठेवून खात होते. नकाशावर चहाचा कपसुद्धा ठेवू न देणारे सर, पेढ्याचा डाग पडला तरी बघत होते नुसते.

सभागृहाचं प्लास्टर चालू होतं तेव्हा सर गेले. झोपेत. अंत्यविधीला मी गेल्तो, पण मला तिथं काही आठवत नाही. आठवतं ते ऑफिसात. जिना वाजला की आम्ही सरळ बसायचो आणि कोणी दुसरंच वर यायचं.

काही महिन्यांनी आबा आले. जिना चढताना दोनदा थांबले. खिशातून सरांचा छोटा फोटो काढला. “तो नकाशा सभागृहात लावायचा हाय. माझ्या बाजूला ह्याला बसव.”

मी दोघांना शेजारी बसवलं. सरकवायला म्हणून चौकटी अजून चालूच होत्या. आबा स्क्रीनच्या जवळ आले.

“पेपरात द्यायचा न्हाई रं. मधी धुरा नको ठिवू.”

मी शून्य केलं. कागद आला. कोपरे मी धरले, आणि फुंकर कधी मारली गेली ते मलाच कळलं नाही. आबा बघत होते.

“तुला त्याचा आवाज काढता येतो म्हणं.”

मी नाही म्हणालो. जमत नाही आता, म्हणालो.

“काढ.”

मी खिडकीकडं तोंड केलं आणि काढला. “चहा सांगितला का न्हाई? रेघ मारून राह्यला का रांगोळी काढून राह्यला?” आवाज आला. इतका बराबर कधीच आला नव्हता.  मागून आबा म्हणले,

“खोकला राह्यला.”