एका वडीत नवटाक दूध

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आईला तर उलटंच सांगितलं, ते पुढं येईलच. तुम्हाला तरी का सांगतोय, ठाऊक नाही – पण सुरुवात केलीय तर आता मधेच थांबणार नाही.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. नाशकात भद्रकालीजवळ एक गोळ्या-वड्यांचा लहानसा कारखाना होता. मी तिथं कारकून. पत्रव्यवहार माझ्याकडं, आणि पाकिटावर काय छापायचं तेही माझ्याकडं, कारण कारखान्यात मराठी शुद्ध लिहिणारा मी एकटाच. त्याची मला घमेंडही होती, खोटं कशाला बोलू?

आमची एक दुधाची वडी होती. पांढरीशुभ्र, चौकोनी, तांबड्या कागदातली. ती पांढरी कशानं व्हायची माहीत आहे? साखरेचा पाक भिंतीतल्या खुंटीवर टाकायचा आणि ओढायचा, पुन्हा टाकायचा, पुन्हा ओढायचा. ओढता ओढता त्यात हवा शिरते आणि पिवळसर पाक दुधासारखा पांढरा होतो. वर वेलदोड्याचा अर्क. झालं. साखर, पाणी आणि वारा. मी रोज डोळ्यांनी बघत होतो.

मालक म्हणाले, काहीतरी झकास लिहा. मी लिहिलं – ‘एका वडीत नवटाक दुधाचे सत्त्व. अशक्त मुलांस उत्तम.’ कुणी सुचवलं नव्हतं हो. नवटाक, म्हणजे शेराचा आठवा हिस्सा – हा शब्द माझा. नुसतं ‘दुधाची’ म्हटलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, माप दिलं की ठेवतात, हे मला कळत होतं. मालकांनी पाठीवर थाप मारली. मी दिवसभर खुशीत होतो.

आमच्या शेजारच्या खोलीत भागाबाई राहायची. सटाण्याकडची, नवरा टांगा हाकायचा. तिची एकुलती पोर सुमन, अडीच वर्षांची. पोर दूध तोंडाला लावू द्यायची नाही, लावलं तर थुंकायची. भागाबाई अगदी रडकुंडीला यायची. मग एकदा तिनं ती वडी आणली आणि माझ्याकडून पाकिटावरचं वाचून घेतलं. तिला अक्षर येत नव्हतं. मी वाचलं – माझंच लिहिलेलं, मोठ्यानं, अगदी थाटात. तिनं बोटांवर हिशेब केला. चार वड्या म्हणजे अर्धा शेर. “लय बरं झालं बघा भाऊ,” म्हणाली, “हे तर ती मागून खाती.”

तेव्हाच सांगता आलं असतं. नाही का? पण मला वाटलं, एखाद-दुसरी वडी खाईल, सोडून देईल. तिनं सोडली नाही. रोज चार. पोरीचं दूध बंदच झालं.

आश्विन आला. माझी आई चातुर्मास कडक पाळायची – श्रावणात पालेभाजी सोडायची, भाद्रपदात दही, आश्विनात दूध. एका दुपारी सुमन दुडदुडत आली आणि आपल्या हातातली वडी तिनं आईच्या हातावर ठेवली. पोरीचं मन मोडवेना, आणि दूध तर वर्ज्य. आई तशीच वडी धरून बसली. भागाबाई पोरीला घेऊन गेल्यावर मी हळूच म्हणालो, “खा गं, व्रत मोडत नाही. दुधाचा थेंब नाही त्यात.”

आईनं माझ्याकडं बघितलं. ती नजर मला अजून दिसते. म्हणाली, “मग ती पोरीला घालते ते काय?”

“साखर.”

“तिला सांगितलंस?”

“सांगतो,” म्हणालो. आणखी दोनदा तिनं विचारलं. दुसऱ्या खेपेला मी ‘सांगितलं’ म्हणून मोकळा झालो. दिवाळी झाल्यावर आई थोरल्या भावाकडं राहायला गेली, मग विचारणारं कुणी उरलं नाही. आईचं व्रत मोडू नये म्हणून खरं बोललो, आणि शेजारच्या पोरीसाठी माझी जीभ उचलली नाही. याला काय म्हणाल तुम्ही?

थंडीत सुमनचे पाय वाकायला लागले. गुडघ्यांत बाहेर, कमानीसारखे. मनगटं सुजल्यासारखी. भागाबाई घाबरली. दवाखान्यात डॉक्टरांचं बोलणं आपल्याला कळणार नाही म्हणून तिनं मला बरोबर नेलं – शिकलेला माणूस म्हणून.

डॉक्टर भले होते. पोरीचे पाय दाबून बघितले आणि म्हणाले, मुडदुसासारखं दिसतंय. मग विचारलं, “दूध किती पिते?”

भागाबाई ताठ मानेनं म्हणाली, “रोज अर्धा शेर, सायेब. एक दिवस चुकवला नाय.”

ती खोटं बोलली नाही. तिच्या हिशेबी ते दूधच होतं.

डॉक्टर म्हणाले, दूध मिळत नसतं तर मी दूध आणि माशाचं तेल सांगितलं असतं, या वयात पाय सरळ होतात. पण एवढं दूध पोटात जातंय, म्हणजे हे जन्माचंच असणार. त्याला इलाज नाही.

मी तिथंच होतो. टेबलापासून दोन हातांवर. एक वाक्य बोलायचं होतं – साहेब, ते दूध नव्हे. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा उभा राहिलो. नोकरी जाईल म्हणून? ती भीती होतीच. पण खरं सांगू – भागाबाई माझ्याकडं वळून बघेल, त्याची जास्त भीती वाटली. घरी येताना टांग्यात पोर माझ्या मांडीवर होती. वडी चघळत होती.

पुढं ते पाकीट बंद पडलं, कारखानाही बंद पडला. सुमन मोठी झाली. पाय तसेच राहिले. चालताना डोलते, शाळेत पोरी तिची नक्कल करायच्या. दोन-तीन स्थळं आली, तिला चालताना बघितलं आणि गेली. मला ती काका म्हणते. संक्रांतीला तिळगूळ द्यायला न चुकता येते, आणि तिची पावलं मला जिन्यावरूनच ओळखू येतात.

‘जन्माचंच’ हा शब्द भागाबाईनं मनात धरून ठेवला. आपलं काय चुकलं ते शोधत राहिली. मग तिला आठवलं, सुमन पोटात असताना ग्रहण लागलं होतं, आणि सासूचा डोळा चुकवून तिनं विळीवर काकडी चिरली होती. भूक लागली होती म्हणून. झालं – तेच कारण. त्यानंतर तिनं जन्मात काकडी खाल्ली नाही. एकदा नाही, शंभरदा मला सांगितलं असेल, आणि शंभरदा मी मान हलवली.

गेल्या साली ती गेली. शेवटच्या दिवसांत भेटायला गेलो तर माझा हात धरून पुन्हा तेच. “भाऊ, माझ्या पोटानं घात केला पोरीचा. तेवढी काकडी चिरली नसती तर?”

आजूबाजूला कुणी नव्हतं. नोकरी सुटून कितीतरी वर्षं झाली होती. भिण्यासारखं काहीही उरलं नव्हतं.

मी म्हणालो, “मनाला लावून घेऊ नका भागाबाई. ग्रहणाचं कुणाच्या हातात असतं?”