राखीव डोंगर

गेल्या वर्षी ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर मी विदर्भातल्या एका राष्ट्रीय उद्यानात जाऊन आले. वाघ काही दिसला नाही, पण तिथली शांतता मनात घर करून राहिली. परतल्यावर मळवलीला आईकडे गेले आणि तिला सगळं सांगत बसले. "जंगल बघाया तिकीट काढलंस?" म्हणाली आणि हसली.

ती का हसली ते मला कळत होतं. मी लहान असताना आई सरपणासाठी वस्तीतल्या बायकांबरोबर मागच्या डोंगरावर जायची. आमच्या वस्तीत कुणाला शेतच नव्हतं, तर बांधावरची बाभूळ कुठून असणार? डोंगर राखीव जंगलाचा. गार्ड दिसला की बायका मोळ्या टाकून पळायच्या. एकदा त्यानं आईचा कोयता काढून घेतला. त्या दिवशी तिनं शेजारून चार लाकडं मागून भाकरी टाकल्या. पुढं घरात गॅस आला, तिचं डोंगरावर जाणं संपलं.

त्याच डोंगरावर आता वनखात्यानं निसर्गवाट केली आहे. हिवाळ्यातल्या एका रविवारी मी आईला म्हटलं, "चल, जाऊन येऊ."

"आता तितं माझं काय काम?"

"काम नाही म्हणूनच चल."

फाटकाशी खाकी वर्दीतली एक तरुण वनरक्षक उभी होती. तिला पाहताच आई माझ्या मागं सरकली. मुलगी म्हणाली, "या ना आजी. सावकाश चढा, मी येते बरोबर."

आईच्या ओळखीचा डोंगर उघडाबोडका होता. आता ऐन, हिरडा, जांभूळ पार डोक्यावर गेलेले. ती खोडांना हात लावत, थांबत चालली होती. "लय वाढलं की गं," पुन्हा पुन्हा म्हणत होती. बोलता बोलता ती वाकली, एक वाळकी काटकी उचलली, मग दुसरी. तिचं तिलाही ध्यान नव्हतं.

"आजी, ते राहू द्या तिथंच," वनरक्षक म्हणाली.

आईनं सगळं हातातून टाकलं. "न्हाई न्हाई, चुकून उचललं बाई."

तिचा आवाज इतका बारीक झाला की मला राग आला. "काटक्याच तर आहेत," मी म्हटलं.

मुलगी ओशाळली. "रागावले नाही हो मी. वाळकं लाकूड पडून राहिलं की त्यात किडे होतात, त्यांच्यावर पाखरं जगतात. म्हणून उचलू देत नाही."

आईनं टाकलेल्या काटक्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "खरं असंल पोरी. पर तवा आमी चुलीत काय घालायचं व्हतं, ते कुणी न्हाई सांगितलं."

आई वाटेकडेच्या एका दगडावर टेकली. मुलगी तिच्या शेजारी बसली. "माझी आजीपण मोळ्या आणायची. तिलापण असंच पळवायचे," म्हणाली. मग दोघी बोलत बसल्या, कुठल्या गावची, कुठल्या वाटेनं उतरायचात, असं. मी बाजूला उभी राहिले. त्या बोलण्यात माझी गरज नव्हती.

उतरताना मुलीनं आईला विचारलं, "उन्हाळ्याआधी आम्ही जाळरेषा काढतो. मधला पट्टा साफ केला की वणवा पुढं सरकत नाही. वस्तीतल्या बायकांना मदतीला यायला सांगाल?"

"सांगती," आई म्हणाली. मला वाटलं, तोंडदेखलं.

पण माघात तिचा फोन आला. "आमी बाया डोंगरावर गेलतो. गवात कापलं, पाला वढला." तिच्या जुन्या सोबतिणींपैकी एक मात्र आली नव्हती. ज्यांनी आपल्याला पळवलं त्यांच्यासाठी मी राबणार नाही, म्हणाली.

"तिचं बी खरंय," आई म्हणाली.

"मग तू का गेलीस?"

"आग लागली तर झाडं जळत्यात. फारेस खातं थोडंच जळतंय?"

जंगल राखायला हवं असं मी सहज म्हणत आले होते. ते राखलं जाताना माझ्या आईचं काय झालं, हे त्या वाक्यात मी कधी धरलंच नव्हतं. आणि आई तर ते सगळं मनात धरूनही पट्टा साफ करायला गेली होती.

चैत्रात वणवा आलाच, रस्त्याच्या अंगानं. एका जागी तो पट्टा ओलांडून आत शिरला आणि बराच उतार काळा झाला. मी रविवारी गेले तेव्हा आई नुकतीच डोंगर बघून आली होती. पाय राखेनं माखलेले.

"वरली बाजू वाचली," ती म्हणाली, आणि पाय धुवायला मोरीकडे गेली.