काळ्या दारूचा खोटा डबा

घटस्थापना: काडतुसांच्या दारूचा डबा मला विकण्यात आला. जबाबदार, भद्रकालीजवळचा परवानाधारक दुकानदार. पाचवी माळ: त्या डब्याविषयी माझा लेखी अर्ज परवान्यांच्या कचेरीत पोहोचला. जबाबदार, तो बाजूला सारणारे अंमलदार. दसरा: पंचवटीपलीकडच्या मळ्यात एका माणसाचा हात फुटला. जबाबदार म्हणून कचेरीने त्या माणसालाच धरले. माझे भांडण या तिसऱ्या नोंदीशी आहे.

वकिली सोडल्यावरही मी रिव्हॉल्व्हर बाळगीत असे, आणि झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या घरीच पुन्हा भरीत असे. हत्यार जुने, काळ्या दारूसाठी घडवलेले. तिचे माप आमच्याकडे सर्वांना पाठ: शिंगाची छोटी वाटी काठोकाठ भरायची. पण त्या डब्यातून काळी भुकटी निघालीच नाही. निघाल्या राखाडी, चकचकीत कपच्या. बोटांवर चोळल्या, तर काजळी उमटेना. ती बिनधुराची दारू होती, काळीच्या कितीतरी पट जोराची. तीच वाटी तिने भरली, तर जुन्या हत्याराच्या चिंधड्या होणार. डब्यावर मात्र चिठ्ठी काळ्या दारूची.

दुकानातली रीत मला ठाऊक होती. मोठ्या पिंपातला माल रिकाम्या जुन्या डब्यांत ओतायचा आणि चिठ्ठी तशीच ठेवायची. तेलाला ती रीत चालते. मी डबा दुकानदारापुढे आपटला.

"वकीलसाहेब, आता दारूचीही उलटतपासणी?" तो हसला. "दारू ती दारू. हिला धूर कमी, एवढंच."

"साक्षीदार खोटा निघाला तर तुमचे काय जाते? हात माझा जातो. कारखान्याचे नाव नाही, दारूची खरी जात नाही, कोणत्या हत्याराला किती घालायची ते नाही. असली दारू मी घरात ठेवणार नाही."

"मग घरी बसून लाडू वळा!"

त्याने पैसे परत केले आणि माझ्या डोळ्यांदेखत डबा पुन्हा फळीवर ठेवला. तेव्हाच मी अर्ज लिहिला. उत्तर आले नाही.

आमच्याकडे भाजी घालणाऱ्या मळेकऱ्याने तोच डबा नेला. त्याच्याकडे वडिलांचे रिव्हॉल्व्हर होते, रानडुकरांसाठी परवान्याने ठेवलेले. दसऱ्याला शस्त्रांची पूजा झाली, की सीमोल्लंघनाला निघण्याआधी त्यांच्या घरी एक बार काढण्याची चाल. पहिल्याच बाराला हत्यार फुटले. मी दवाखान्यात गेलो, तेव्हा उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे गेलेली होती.

"काका, वाटी बापाचीच व्हती," तो म्हणाला. "नेहमीवानी भरली. माझं चुकलं काय?"

"तुझे काही चुकले नाही."

"मग सायेब म्हणत्यात, मीच जास्त दारू ठासली. परवाना बी नेला."

कचेरीने लिहिले: अडाणीपणामुळे अपघात. दुकान दिवाळीला उघडेच होते. मला सांगण्यात आले, म्हाताऱ्याने आता स्वस्थ बसावे. मी बसलो नाही, बसणारही नाही. चिठ्ठीवर विश्वास ठेवणे हा अडाणीपणा असेल, तर परवाना देऊन दुकान चालवू देण्याला कोणता शब्द आहे?

म्हणून आज नाव घेऊन नव्हे, पण तोंडावर विचारतो. विकणाऱ्याने सांगावे, त्या डब्यात काय होते. अंमलदाराने सांगावे, माझा अर्ज वाचून त्याने काय केले. बंद खोलीत नको. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात, डाव्या हाताने वांगी तोलणाऱ्या त्या माणसासमोर उभे राहून, सर्वांना ऐकू जाईल असे सांगावे.