निल्दाचा विस्तव

निल्दा हॉस्टेलातल्या पोरांना नावानं ओळखायची नाही, खाटेनं ओळखायची. खिडकीजवळचा वरचा, दाराशी खालची, तो घोरणारा. नावं पाठ करून करायचं काय? सोमवारी आलेलं पोर गुरुवारी पाठीवर बोचकं टाकून बोलिव्हियाला पळणार. मागं उरणार एक मोजा, शाम्पूची अर्धी बाटली आणि फ्रीजमध्ये वास मारणारा चीजचा तुकडा. ब्वेनोस आइरेसच्या सान तेल्मो भागातलं हे तीन मजली जुनं घर. खाली दारावर तिचा नवरा रुफिनो, वर चादरी बदलायला निल्दा. जगभरची पोरं त्यांच्या जिन्यावरून गेली, आणि ही दोघं कुठं गेली म्हणाल तर समुद्रावर, एकदा, तेही सर्दी घेऊन परत आली.

रुफिनोचा खरा मान दारावर नव्हता, गच्चीवर होता. दर रविवारी दुपारी तो गच्चीतल्या जाळीवर सगळ्या हॉस्टेलसाठी मांस भाजायचा. आमच्याकडे विस्तव ज्यानं पेटवला त्याचा. दुसऱ्यानं त्यात सळई खुपसली की मैत्री तिथंच संपली. आणि सगळ्यांना वाढून झालं की कुणीतरी ओरडायचं, "भाजणाऱ्यासाठी टाळ्या!" मग सगळ्यांनी हातातला घास टाकून टाळ्या वाजवायच्या. हॉस्टेलात पंचाईत अशी की दर रविवारी पोरं नवी. त्यांना रीत कुठली ठाऊक? म्हणून ही आरोळी वर्षानुवर्षं निल्दाच द्यायची, कोशिंबिरीचा वाडगा काखेत धरून. टाळ्या रुफिनोला. कोशिंबिरीला कोण मेलं टाळ्या वाजवतंय?

खरं सांगायचं तर विस्तवाचं बाळकडू निल्दाला मिळालेलं. ती उत्तरेकडच्या रानातली, कोळसा पाडणाऱ्यांच्या घरातली. पण रुफिनोचं म्हणणं, बाई जाळीजवळ आली की मांस रुसतं. ती हसायची आणि टोमॅटो चिरायला घ्यायची. मनात मात्र एक होतं, कुणाला कधी न सांगितलेलं. एकदा, फक्त एकदा, त्या टाळ्या आपल्यासाठी वाजाव्यात.

मग आली फेमके. उंचच्या उंच डच पोरगी, वाऱ्यानं सोललेलं नाक. पहिल्याच रविवारी तिनं बरगड्यांचा फडशा पाडला आणि निल्दाची आरोळी ऐकून तळवे लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या. बुधवारी ती निघाली तेव्हा रुफिनोच्या अंगात मर्दानगी संचारली. ठेव ती सॅक, पोरी, आम्ही अजून मेलो नाही, असं म्हणत त्यानं तिची सॅक एका झटक्यात खांद्यावर घेतली. त्या सॅकेत पाटागोनियातून वेचून आणलेले दगड होते. कपडे कमी आणि दगड जास्त. रुफिनोचा खांदा निखळला. डॉक्टरनं उजवा हात गळ्यात बांधून दिला. फेमकेनं रडून रडून बस सोडली, मुक्काम वाढवला आणि म्हाताऱ्याच्या पुढंपुढं करायला लागली. उशी हवी का, पाणी हवं का. त्यालाही ते आवडत होतं, लबाडाला.

शनिवारी हॉस्टेलच्या मालकानं निरोप धाडला, उद्या जाळी बंद, पोरांना पिझ्झा मागवू. रुफिनोनं मान डोलावली. निल्दा हातातली चादर आपटून म्हणाली, "पिझ्झा कशाला? मी मेले की काय?"

रविवारी ती सकाळीच गच्चीवर गेली. फळांच्या खोक्याच्या फळ्या फोडल्या, वर्तमानपत्राचे बोळे केले, विस्तव पेटवला. अंगात तिचा रोजचाच साफसफाईचा निळा डगला. रुफिनो मात्र आपला भाजायचा एप्रन गळ्यात अडकवून हजर, जणू लढाईवर निघालेला. तिनं त्याची खुर्ची जाळीपासून लांब मांडली आणि टोमॅटोचा वाडगा पुढ्यात ठेवला.

"एका हातानं चिरू?" तो फुरंगटला.

"मी इतकी वर्षं एकाच हातानं चिरले. दुसऱ्यानं तुला वाइन ओतत होते."

पोरं हळूहळू जमली. कुणाचे केस ओले, कुणी अजून झोपेतच. खाली रविवारच्या जत्रेतले ढोल सुरू झाले. रुफिनोची टकळी थांबत नव्हती. निखारे कमी पडले, सॉसेज लवकर टाकलेस, धूर बघ कसा करतेय. शेवटी तो डाव्या हातात सळई घेऊन उठलाच. निल्दानं वळूनही पाहिलं नाही. "म्हाताऱ्या, विस्तव कुणी पेटवला?" एवढंच विचारलं. तो परत खुर्चीत बसला आणि टोमॅटोचा वाडगा पुढ्यात ओढला.

मांस उतरलं तेव्हा बाहेरून कुरकुरीत, आतून रसाळ. गच्ची गप्प झाली, कारण सगळ्यांची तोंडं भरलेली. निल्दानं वाढलं आणि जाळीशी उभी राहिली. ह्या वयात असलं खूळ मनात धरायचं म्हणजे तिला स्वतःचीच लाज वाटत होती, पण कान टवकारलेले होते. आरोळी देणार कोण? आपली आपण थोडीच देता येते? पोरांना रीत ठाऊक नाही, आणि नवरा टोमॅटोवर रुसून बसलेला. ती पुसलेली जाळी पुन्हा पुसू लागली.

तेवढ्यात फेमके बाकावर चढली. "भाजणाऱ्यासाठी टाळ्या!"

निल्दाचं काळीज उडालं. तिनं घाईघाईनं हात डगल्याला पुसले. आणि फेमके भरल्या डोळ्यांनी रुफिनोकडे वळली. एप्रन त्याच्या गळ्यात, सकाळपासून हुकूम सोडणारा तोच. बिचारीला म्हाताऱ्याचं दुःख हलकं करायचं होतं. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या, टाळ्या, शिट्ट्या, नुसता कल्ला.

निल्दानं पाठ फिरवली आणि निखारे सारू लागली. धुरानं डोळ्यांत पाणी आलं म्हणावं तर धूर केव्हाच संपला होता. तिला राग आला होता आणि रडूही येत होतं.

रुफिनोचा डावा हात सवयीनं वर गेला, मानवंदना घ्यायला. अर्ध्यावर गेला आणि त्याला तिची पाठ दिसली. हात तिथंच थांबला.

"बास करा," तो म्हणाला आणि उठला. एका हातानं एप्रन काढायला लागला तर पट्टा गळ्यातल्या झोळीत अडकला. फेमके मदतीला धावली. तू लांबच राहा, तुझ्या दगडांनी केलं तेवढं पुरे, असं म्हणून त्यानं तिला परतवलं. ओढून ओढून एप्रन सुटला. तो घेऊन तो जाळीपाशी गेला.

"मी टोमॅटो चिरले. तेही जाडेभरडे. भाजलंय हिनं." त्यानं हातातला एप्रन झटकला. "आणि माझ्याहून चांगलं भाजलंय."

त्यानं एप्रन तिच्या गळ्यात घातला आणि छाती फुगवून आरोळी दिली. आता गच्ची दणाणली. सगळ्यांत जोरात फेमके वाजवत होती, कानापर्यंत लाल होऊन. निल्दाला कुठं बघावं कळेना.

टाळ्या वाजवत नव्हता तो फक्त रुफिनो. त्यानं आपल्या मोकळ्या तळहाताकडे पाहिलं, बांधलेल्या हाताकडे पाहिलं, आणि डावा तळहात तिच्यापुढं धरला. निल्दानं आपला काजळीचा हात त्यावर हळूच टेकवला.

"जोरात, म्हातारे. सगळ्यांना ऐकू गेली पाहिजे."

मग तिनं सणसणीत हाणली. कळ पार दुखऱ्या खांद्यापर्यंत गेली, पण रुफिनोनं हात खाली घेतला नाही.