बल्बचं कपाट

नीरजाबाईंच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. हे त्यांचं स्वतःचं म्हणणं, पण त्यांच्या हाताखालून गेलेली मावळातली पोरंही ते नाकारत नाहीत. अशा बाईंना निवृत्तीनंतर लोणावळ्यातल्या स्वतःच्याच घरात दहा मिनिटांची शांतता मिळू नये, याला काय म्हणायचं? वर पत्रा, पत्र्यावर पाऊस, रस्त्यावर धरणाकडे निघालेल्या पर्यटकांचे हॉर्न, आणि घरात यजमान, अनंतराव.

शांतता हवी होती ती प्रतीक्षासाठी. प्रतीक्षा जवळच्याच औंढ्याची, यंदा दहावीत, जन्मापासून दृष्टी नसलेली. तिची आई अनिता ही बाईंची जुनी विद्यार्थिनी. फोनमधली यांत्रिक बाई लेकीला पुस्तक वाचून दाखवते, पण सनावळ्या इंग्रजीत वाचते आणि माणसांची नावं भलत्याच ठिकाणी तोडते, असं अनितानं बाजारात भेटल्यावर सांगितलं. बाईंना ते सहन होणं शक्यच नव्हतं. अख्खा इतिहास आपण वाचून, रेकॉर्ड करून देऊ आणि सहामाहीच्या आत देऊ, असा शब्द त्यांनी भाजीवाल्यासमोरच देऊन टाकला. पुण्याहून अनुष्का, त्यांची मुलगी, आपला लॅपटॉप आणि एक माईक आणून देऊन गेली.

पहिले दोन धडे बाईंनी जेवणाच्या टेबलाशी बसून वाचले आणि प्रतीक्षाच्या फोनवर पाठवूनही दिले. मग कधी नव्हे ते स्वतः ऐकले. पत्र्यावर कुणीतरी सतत तांदूळ पाखडतंय असा पाऊस, मध्येच कुकरची शिट्टी, आणि एका तहाची कलमं ऐन सुरू होताना अनंतरावांचा स्वच्छ, स्पष्ट आवाज: "नीरजा, गॅस बंद करू का?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असलं गचाळ काम आयुष्यात कधी केलं नाही, आता काय म्हातारपणी करायचं? यापुढे सगळं पुस्तक निर्मळ आवाजात रेकॉर्ड करायचं, पूर्ण झाल्यावर एकदमच पाठवायचं, तोवर एकही धडा घराबाहेर जाणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. अनंतरावांनी मान डोलावली. मान डोलावण्याचा आवाज होत नाही, एवढंच काय ते बरं.

मग सुरू झाले गोधडीचे दिवस. बाई पलंगावर बसायच्या, मांडीवर लॅपटॉप घ्यायच्या आणि डोक्यावरून दोन गोधड्या पांघरून आत बॅटरीच्या उजेडात इतिहास वाचायच्या. पाऊस बाहेर राहिला खरा, पण गोधडीत त्या यंत्राला वारा कुठून मिळणार? त्याचा आतला पंखा असा घोंघावायला लागला की पावसापेक्षा तोच जास्त ऐकू यायचा. बाई घामानं निथळत बाहेर यायच्या आणि चहा मागायच्या, तोही खुणेनं.

यावर तोड काढली अनंतरावांनी. ते रेल्वेत विजेच्या खात्यात होते, सगळी नोकरी खंडाळ्याच्या घाटात गेली, आणि लोणावळ्याच्या ओलीशी त्यांचं जुनं वैर आहे. पावसाळ्यात इथे चपलांना बुरशी येते, पट्ट्याला येते, पोथीच्या पुठ्ठ्यालाही येते. म्हणून त्यांनी एका जाड सागवानी कपाटात बल्ब बसवून ठेवलाय. जून लागला की तो पेटतो तो दसऱ्यालाच विझतो. पापड, काडेपेट्या, पासपोर्ट, बाईंचा लग्नातला शालू, सगळं त्या उबेत. पाहुणे आले की ते कपाट उघडून शालूला हात लावून बघायला लावतात. लॅपटॉप या कपाटात ठेवायचा, दाराच्या फटीतून माईकची वायर बाहेर घ्यायची आणि दार लावून टाकायचं, असं त्यांनी सुचवलं. पंखाही ऐकू येणार नाही आणि ओलही लागणार नाही.

बाईंना नवऱ्याचं कौतुक वाटलं, आणि ते क्वचितच वाटायचं. धडे झपाझप होऊ लागले. आवाज असा निर्मळ की त्या दोन दोनदा ऐकायच्या. प्रत्येक वाक्यानंतर मुलीला विचार करायला वेळ मिळावा म्हणून त्या मोजून थांबायच्या. अनंतरावांना खोकायची परवानगी फक्त धड्याच्या शेवटी होती.

मग लॅपटॉप रेंगाळायला लागला. बटण दाबलं की त्याला जाग यायला वेळ लागे. रेकॉर्डिंगमधले शब्द गायब होऊ लागले. अनंतरावांनी हात लावून पाहिलं, छान ऊब होती. ऊब आहे आणि तरी आजारी आहे, म्हणजे ओल खोलवर गेलीय, असं निदान करून त्यांनी चाळीसचा बल्ब काढून साठचा लावला. दोन दिवसांनी आणखी बिघडलं तेव्हा माळ्यावरून शंभरचा काढला. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात. त्यात निदान म्हैस आहे तशी तरी राहते. इथे औषधच म्हशीच्या मुळावर आलं होतं आणि दोघंही ते कौतुकानं पाजत होती.

शेवटी बाईंनी अनुष्काला फोन लावला. तिनं तापमान दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम घालायला लावला आणि पडद्यावर डिस्कच्या पुढे कुठला आकडा दिसतोय ते विचारलं. त्र्याऐंशी. लॅपटॉप कुठे ठेवलाय, असं तिनं अगदी हळू विचारलं. उत्तर ऐकल्यावर लेक आईवर जितकी चिडू शकते तितकी चिडली. त्यातली डिस्क, एसएसडी, म्हणजे जुनी फिरणारी तबकडी नाही, चिपा आहेत. तीस-पन्नास अंशांत ती सुखात असते, सत्तरपर्यंत निभावते, त्याच्या वर गेली की स्वतःला वाचवायला मुद्दाम हळू चालते. ओल-बिल काही नाही, तुम्ही तिला भाजताय. लॅपटॉप आत्ताच्या आत्ता बाहेर काढा, गार होऊ द्या आणि सगळे धडे दुसरीकडे उतरवून घ्या.

अनंतराव बिचारे लगेच लॅपटॉप बाहेर काढायला उठले. बाईंनी हात धरला. एकच धडा उरलाय, तो बाहेर वाचला तर त्यात पंखा येईल, आणि बाकी पुस्तकाला शोभणार नाही. इतके दिवस चाललंय, आणखी अर्धा तास चालेल. त्यांनी कपाटाचं दार लावून घेतलं आणि वाचायला बसल्या.

धडा संपायच्या आत लॅपटॉप बंद पडला तो पडलाच. बाजारातल्या दुरुस्तीवाल्यानं ठेवून घेतला, दोन दिवसांनी परत दिला. डिस्क ओळखच देत नाही म्हणाला. सगळा इतिहास गेला. बाई संध्याकाळभर अनंतरावांना बोलल्या: तुमचं कपाट, तुमचा बल्ब, तुमची ओल. दार कुणी लावलं होतं ते अनंतरावांनी काढलं नाही. ते उठले आणि ऐन पावसाळ्यात कपाटातला बल्ब विझवून आले. पुढे पापड सादळले.

सहामाही जवळ आली होती. फोनवर हे सांगायचं धाडस बाईंना झालं नाही. भर पावसात स्कूटरवर दोघं औंढ्याला गेली. अनितानं चहा टाकला. प्रतीक्षा पलंगावर बसली होती, उशाशी पुस्तक. बाईंनी सगळं सांगितलं, गोधडीपासून कपाटापर्यंत. पावसाचा आवाज येऊ नये म्हणून हे सगळं झालं, असं त्या शेवटी म्हणाल्या.

"पावसापायी थांबला व्हय बाई?" प्रतीक्षा म्हणाली. "आवो, मी दुप्पट इस्पीडनं ऐकते. पाऊस काय नि तुमी काय, समदं पळतच असतंय."

मोजून घेतलेल्या त्या सगळ्या थांब्यांचं काय होणार होतं, ते बाईंना तिथल्या तिथे कळलं.

"आन् ते दोन धडं मला लय पाठ हायेत," ती पुढे म्हणाली. "काकांनी गॅस बंद करू का इचारलं ना, तितनं तहाची कलमं सुरू हुत्यात. मी लगेच वळखते. मी रोज वाट बघत हुते, बाईंनी पुढचं का न्हाई धाडलं म्हनून."

बाईंना स्वतःचाच राग आला. पोरीनं कधी शांतता मागितलीच नव्हती. तिनं धडे मागितले होते, आणि तेच आपण कोंडून, भाजून संपवले. मग प्रतीक्षानंच फोन चाचपून रेकॉर्डिंग लावलं, शेजारी गोधडीवर ठेवला आणि पुस्तक पुढे केलं. आता वाचा की, म्हणाली.

बाई वाचू लागल्या. पत्रा वाजत होता, अनिता भांडी लावत होती, दारात कोंबड्या भांडत होत्या. पहिलं पान संपेपर्यंत त्यांचा जीव प्रत्येक आवाजाला दचकत होता. दुसऱ्या पानावर दचकणं कमी झालं. अनंतराव उंबऱ्याशी श्वास रोखून उभे होते. बराच वेळ ते गोधडीत रुतलेल्या फोनकडे बघत होते, शेवटी त्यांच्यानं राहवेना. वर्गातल्या पोरासारखा त्यांनी हात वर केला.

"नीरजा, फोन तापतोय."

बाई थांबल्या. एरवी धडा पुन्हा पहिल्यापासून झाला असता.

"ऱ्हाऊ द्या बाई," प्रतीक्षा म्हणाली, "ही ह्या धड्याची खूण."

बाईंनी फोन गोधडीवरून उचलला, खालच्या गार फरशीवर ठेवला आणि पुढच्या वाक्यापासून वाचायला लागल्या.