बैलाच्या माळेतला मणी

हेमलताबाईंना काळजी करायला कारण लागत नसे. कारण मिळालंच, तर तो दिवाळीचा बोनस. नांदे गावात, घरमालकीण धोंडाबाईंच्या खोलीत त्या बालवर्ग चालवायच्या. पोरांच्या हाती बोथट कात्री दिली तरी यांचाच श्वास अडकायचा. पण कापणं, चुरगाळणं, ओवणं रोज व्हायचंच. बोटांत बळ आल्याशिवाय पेन्सिल धरता येत नाही, ही बाईंची श्रद्धा. आयटीतल्या आयांची नव्हती.

"जूनपासून निषाद नुसते मणी ओवतोय," त्याच्या आईनं, मेधानं, परवाच सुनावलं होतं. "अजून शर्टाचं बटण लावता येत नाही. दिवाळीनंतर मी त्याला बावधनच्या शाळेत घालणार."

मणी धोंडाबाईंचे. जमिनीपाठोपाठ बैल गेले, त्यांच्या गळ्यातली निळी माळ राहिली. तीच त्यांनी पोरांना दिलेली. मणी चांगले बोराएवढे. आज निषादची वाटी रिकामी, आणि दोरीतही एक मणी कमी.

"निषाद, मणी कुठाय?"

निषादनं पोटाकडे बोट दाखवलं.

बाईंनी त्याच्या पाठीत थोपटलं, तोंडात बॅटरी मारली, केळं भरवलं, वर तांब्याभर पाणी पाजलं. एवढी सरबराई निषादला नवीन होती; त्यानं आणखी एक केळं मागितलं.

"आवं बाई, प्वार हाय त्ये, कोंबडं न्हाई मणी टिपायला," धोंडाबाई म्हणाल्या. "आन् गिळलाच आसंल तर गावंल की उद्या सकाळी."

"उद्यापर्यंत मी राहीन का, मावशी? पौडच्या दवाखान्यात न्यायला जीप बोलवा!"

एवढ्यात दारात मेधा. बाईंनी रडत रडत सगळं सांगून टाकलं. मेधानं निषादला जवळ ओढलं.

"आई, शू," निषाद म्हणाला.

मेधानं त्याचा शर्ट वर केला. चड्डीच्या नाडीत निळा मणी ओवलेला, वर घट्ट निरगाठ.

"मी बैल," निषादनं खुलासा केला.

"अहो, गाठ मारली यानं! स्वतः!" बाई किंचाळल्या. मग तिघींनी नखं लावून पाहिली. गाठ हलेना, निषाद मात्र नाचायला लागला. धोंडाबाई विळा घेऊन धावल्या.

"कापू नका!" मेधा ओरडली. "त्याच्या बाबांना दाखवायचीय!"

निषादला तेवढा धीर नव्हता.

ओली चड्डी गाठीसकट पिशवीत घालून मेधा घरी गेली. जाताना म्हणाली, "उद्या जरा लवकरच आणते त्याला."

हेमलताबाई मटकन बसल्या. बावधनचं संकट टळलं होतं. मग लक्षात आलं, हे बघून उद्या सगळीच पोरं बैल होणार. आणि त्या एकेकाची नाडी डोळ्यांपुढे आणू लागल्या.